गादीवरचा शब्द

गळ्यात हार पडला आणि कपाळाला बुक्का लागला की भिकाजी सामंत हा भिकाजी राहत नसे. खाजणवाडीची रीतच तशी. कीर्तनकार ज्या सतरंजीवर उभा राहतो ती नारदाची गादी, आणि तिच्यावर जो उभा तो नारद. मग घरी तो कुणाचा जावई असो नाहीतर कुणाचा धाकटा भाऊ. म्हातारी माणसंसुद्धा काठी बाजूला ठेवून त्याच्या पायावर डोकं ठेवायची. भिकाजीची अक्काही ठेवायची. आई लवकर गेली तेव्हा ह्याच अक्काने त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. पुढे तिला वैधव्य आलं आणि ती माहेरच्याच वाडीत खाडीकाठच्या खाजणातलं भात कसून राहिली. कीर्तनाला उभं राहण्याआधी ती वाकली की भिकाजीला पाय मागे घ्यावेसे वाटत. पण घ्यायचे नसतात, कारण नमस्कार त्याला नसतोच मुळी.

आणि आरती होऊन हार उतरला रे उतरला की तीच अक्का म्हणायची, "मध्यंतरात तीन कप चाय ढोसलंस मरे! मगे गळो बसात नाय तर काय?"

भिकाजीबुवांचा गळा मात्र कधी बसला नाही. आचऱ्यापासून धामापुरापर्यंत कुठल्याही देवळात बुवा उभे राहिले की मागे भिंतीला टेकलेला माणूससुद्धा सरसावून बसायचा. पूर्वरंगात ते शास्त्र सांगत तेव्हा शाळामास्तर माना डोलावीत आणि आख्यानात बायका पदराने डोळे पुसत. अशा माणसावर राजकारण्यांची नजर पडायची राहते थोडीच? सत्तावन्न सालच्या निवडणुकीत पक्षाला उमेदवार सापडत नव्हता. द्वैभाषिक राज्यावरून लोक चिडलेले. सभेला गेलं की दगड नाहीतर शेण. तेव्हा मालवणचे भाई वकील, पक्षाचे तालुक्यातले सर्वेसर्वा, बुवांच्या ओसरीवर येऊन बसले.

"बुवा, तुमका भाषण कराची गरजच नाय," भाई म्हणाले. "तुमी फकत उभे रवा. लोक आपसूक येऊन बसतले."

बुवांना मोह झाला नाही असं कोण म्हणेल? पण त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांना खरंच वाटलं, देवाचं नाव घेता घेता गावाचंही काही करता येईल. आणि गावाचं म्हणजे काय, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. खाजणवाडीचा जीव एका मातीच्या बांधावर होता. अलीकडे भात, पलीकडे खाडीचं खारं पाणी. दर वैशाखात बाबली गावडे, बांधाचा पुढारी, घरोघरी पाळी सांगत फिरायचा. प्रत्येक घरातला माणूस चिखल, झावळ्या, कांदळाच्या फांद्या घालून बांध उंच करायचा. वाडीने पिढ्यान् पिढ्या हेच केलं होतं. एक वर्ष चुकलं तर पावसाळ्यातल्या उधाणाला बांध टिकायचा नाही.

त्या साली सरकारी मोजणी झाली होती. लाल निशाणं रोवून माणसं गेली होती. मंत्रिमहोदय भाईंच्या घरी जेवायला आले तेव्हा सोलकढीचा पेला खाली ठेवून म्हणाले होते, "चिऱ्यांचा पक्का बांध? झाला म्हणून धरा."

बुवांनी धरलं.

माघी उत्सवाच्या दुसऱ्या संध्याकाळी, दिवेलागणीला, त्यांनी सेतुबंधनाचं आख्यान लावलं. प्रचार करायचा नाही, एवढं मनाशी ठरवून ते उभे राहिले होते. पण आख्यान रंगलं. समुद्र वाट देईना, श्रीरामांनी बाण लावला, समुद्र हात जोडून वर आला, आणि समोर बसलेली सगळी खाजणवाडी श्वास धरून बसली. बाबली पुढे सरकला. अक्काचे ओठ हलत होते. अशा वेळी कीर्तनकाराच्या तोंडून आपण बोलत नाही, कुणीतरी बोलवून घेतं असं वाटतं. बुवांच्या झांजा थांबल्या आणि ते म्हणाले, "अरे, तो समुद्र हटला, मग ही खाडी काय! पुढच्या माघीला मी ह्याच देवासमोर उभा असेन, तेव्हा खाजणवाडीला दगडी बांध असेल. चिखलाची पाटी तुमच्या डोक्यावरून उतरली म्हणून समजा!"

देवळात मंगलमूर्तीचा असा गजर झाला की तबलजीचा ठेका बुडाला. मतं पडली, बुवा आमदार झाले आणि बोटीने मुंबईला गेले.

तेच वाक्य त्यांनी सभेतल्या टेबलामागून म्हटलं असतं तर वाडीने हसून सोडून दिलं असतं. निवडणुकीत माणूस काय काय बोलतो, हे खाजणवाडीला कळत नव्हतं असं नाही. पण हे गादीवरून आलेलं होतं. वैशाख लागला आणि बाबली पाळी सांगायला निघाला तेव्हा अक्काच त्याच्या वाटेत उभी राहिली.

"खंय चल्लंस रे बाबली?"

"पाळी सांगूक. दुसरा काय?"

"गादीवरसून शब्द इलो तो ऐकलंस मां? मगे चिखल घालून काय दाखवतंस? देवाच्या शब्दार विश्वास नाय म्हणान?"

बाबली डोकं खाजवत उभा राहिला. "अक्कानू, दगड तर अजून इल्ले नाय."

"येतले. तुझ्या तोंडान नाय म्हणू नको."

बाबली परतला. त्या वैशाखात कुणी पाटी उचलली नाही. कुणाला आळस होता म्हणून नव्हे. पाटी उचलणं हाच अविश्वास वाटला म्हणून. श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला, आणि पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं राहिलं ते तसंच वाळलं.

बुवा गणपतीला गावी आले होते, ते हे बघायला गेले. ओहोटी होती. खाजणात भाताऐवजी पांढरट खार चमकत होता आणि फुटलेल्या जागेतून पाणी मोठ्या ऐटीत ये-जा करत होतं. बाबली तिथेच बसला होता. तो उठला नाही. "आमदारानू, नमस्कार," एवढंच म्हणाला आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागला.

बुवा मुंबईला गेले ते दगड आणायच्या जिद्दीने. पण सचिवालयात त्यांच्या आवाजाला कुणी सरसावून बसत नसे. ते बोलायला लागले की कारकून कानातला मळ काढत. विधानसभेत त्यांनी प्रश्न विचारला; उत्तर आलं, विचाराधीन आहे. दुसऱ्या वर्षी कळलं की मंजूर चिरे दुसऱ्या तालुक्यात गेले. तिथल्या आमदाराची मंत्र्यांशी सोयरीक होती. पुढच्या माघीला गावचं बोलावणं आलं तेव्हा बुवांनी अधिवेशनाचं कारण सांगितलं. त्याच्या पुढच्या माघीला तेही सांगितलं नाही. कीर्तनच सोडलं. झांजा मुंबईच्या खोलीत खुंटीला लागल्या त्या लागल्याच. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, घसा बरा नाही.

इकडे वाडीत त्याहून वाईट झालं. भगदाड बुजवायला वैशाखात निम्मी घरं यायची, निम्मी म्हणायची, सरकारी बांध आज ना उद्या होतोय, कशाला हाडं मोडा! निम्म्या माणसांनी घातलेला चिखल उधाणाबरोबर जायचा. आणि सगळ्यांना मिळून राग काढायला एक माणूस सापडलं होतं: अक्का. तिनेच पाळी थांबवली होती ना! विहिरीवर ती आली की बायका कळशी उचलून चालू पडायच्या. अक्काने ह्यातलं एक अक्षर भावाला कळवलं नाही. त्याला कळलं ते बासष्टच्या निवडणुकीच्या तोंडावर, आणि तेही भाईंकडून, हसता हसता.

"तुमच्या भयणीक वाळीतच टाकल्यानी म्हणा ना! पण आता बघा, सगळा निस्तारता." भाईंनी जीपमधून एक लखोटा काढून बुवांच्या हातात ठेवला. "वाचा."

बुवांनी वाचलं. खाजणवाडीचा पक्का बांध मंजूर. ह्या वेळी सही होती, शिक्का होता, सगळं होतं. खाली बारीक अक्षरात काम दोन पावसाळ्यांनंतर सुरू होईल असंही होतं.

"माघी चतुर्थीक दुपारचा कीर्तन लावलंय," भाई म्हणाले. "गादीर उभे रवा, ह्यां वाचून दाखवा. मतांची पेटी आपली."

"दोन पावसाळे आहेत, भाई."

"ता कशाक वाचूचा?"

बुवांना रात्रभर झोप लागली नाही. कागद खरा होता, हीच अडचण होती. खोटा असता तर फाडून टाकला असता. गादीवरून तो वाचला की पुन्हा वाडीतली प्रत्येक पाटी खाली ठेवली जाणार, दोन वर्षं कुणी चिखलाला हात लावणार नाही, आणि आत्ताच निम्मं गेलेलं खाजण कायमचं जाणार. न वाचला तर निवडणूक जाणार. समोरच्या उमेदवाराने आधीच म्हण काढली होती, बुवांचा बांध बुवांच्या तोंडातच.

सकाळी ते अक्काकडे गेले. ती अंगणात गेल्या उन्हाळ्यातल्या भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, साली पुन्हा उन्हात पसरत होती. तिने वर न बघता विचारलं, "जेवलंस?"

"अक्का, माका सगळा कळला."

"कळूक पाच वर्सां लागली?" मग तिचा आवाज खाली आला. "माझा काय नाय रे. पाणी मी लांबच्या विहिरीवरसून हाडतंय. पण ते म्हणतत, गादी खोटी. ता माका सोसवत नाय, भिका. बाबली कीर्तनाक येणाच सोडल्यान. माझ्यामुळां एक माणूस देवाच्या दारातसून उठलो."

"तुझ्यामुळं नाही. माझ्यामुळं."

"कोणामुळां ता तू आणि तो देव बघा. उद्या गादीर काय बोलतलंस?"

बुवांनी लखोट्याची गोष्ट सांगितली. अक्का ऐकत राहिली आणि मग सालींवरचा हात झटकून म्हणाली, "गादीर तुझा काय नाय. सरकारचा तर कायच नाय. थंय देवाचा सांग. बाकीचा बोलूचा आसात तर हार काढून बोल."

"हार काढल्यावर माझं कोण ऐकेल?"

"नाय ऐकले तर नाय ऐकले," अक्का म्हणाली. "जेवान जा."

माघी चतुर्थीची दुपार. देऊळ गच्च भरलं होतं, पण निम्मे लोक भक्तीने आले होते आणि निम्मे मजा बघायला. बाबली आत आला नाही. बाहेर पायरीखाली फणसाच्या सावलीत बसला. पुजाऱ्यांनी हार घातला, बुक्का लावला. पायांवर डोकी टेकली, पण पूर्वीसारखी नाही. बरेचजण जागेवरूनच हात जोडून बसले.

बुवांनी झांज हातात घेतली. पहिलं नाम घोगरं निघालं. मागे कुणीतरी खुदकन हसलं. दुसरं नाम घेतलं, तिसरं घेतलं, आणि पेटीवाल्याने सूर जरा वर चढवला तसा एवढी वर्षं कोंडलेला गळा उघडला. काय सांगावं ते कीर्तन! ज्यांनी ऐकलं त्यांना पुढे कितीतरी वर्षं ते आठवत होतं. गणपतीच्या जन्माच्या कथेत ते असे शिरले की समोर भाई बसलेत, बाहेर जीप उभी आहे, मतं मागायची आहेत, ह्यातलं काही उरलं नाही. माध्यान्हीला फुलं उधळली, बायकांनी पाळणा म्हटला, सुंठवडा वाटला. भाई दर थोड्या वेळाने छातीवरच्या खिशाकडे बोट दाखवून लखोट्याची खूण करत होते. बुवांनी तिकडे पाहिलंच नाही. आरती झाली. बुवांनी हार उतरवून देवापुढे ठेवला, उपरण्याने कपाळावरचा बुक्का पुसला आणि बाहेर पायरीवर येऊन उभे राहिले.

"मंडळी, जरा थांबा," ते म्हणाले. "आता मी उमेदवार म्हणून बोलतोय. बांध मंजूर झालाय. कागद माझ्याजवळ आहे. पण दगड यायला दोन पावसाळे जातील, कदाचित जास्तच. तोवर वैशाखात पाळी चुकवू नका. सगळी घरं आलात तरच भगदाड बुजेल."

मग एकजण म्हणाला, "म्हणजे बांध येतलो काय नाय?"

"कागदावर आहे. मी धडपड करीन. येईलच असं मी सांगू शकत नाही."

"मगे आमी तुमका मत कशाक घालूचा?" दुसरा म्हणाला आणि हशा पिकला.

फणसाखालून बाबली उठला. तो पायरीपाशी आला आणि सरळ बुवांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "बुवानू, खरा आसा तर भायर कित्याक सांगतास? आत चला. हार घाला, गादीर उभे रवा, आणि सांगा. मगे आमी मानतो."

"होय, होय! गादीवरसून सांगा!" चारी बाजूंनी गलका झाला. भाई तर आत धावलेच. देवापुढचा हार घेऊन आले आणि दोन्ही हातांनी पुढे धरून, ओठ न हलवता पुटपुटले, "घाला, बुवा. गळ्यात घाला. सगळा गाव तुमचो."

हार अजून ओला होता. त्यातली झेंडूची पाकळी बुवांच्या हातावर पडली. मान जरा पुढे केली की झालं. समोर सगळी वाडी तोंडाकडे बघत होती. पाच वर्षांपूर्वी जशी बघत होती, तशीच. त्यांना फसवून घ्यायचं नव्हतं. त्यांना पुन्हा एकदा विश्वास ठेवायचा होता, एवढंच.

"नाही," बुवा म्हणाले. "गादीवरून मी हे बोललो की तुम्ही बांधाकडे बघायचं सोडता. दगडाचं मला ठाऊक नाही. ज्याचं ठाऊक नाही ते तिथे उभं राहून मी एकदा बोललोय. परत नाही."

"म्हणजे ह्यां खोटाच," कुणीतरी म्हणालं.

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" अक्का मागून ओरडली, पण गर्दी फुटायला लागली होती. लोक सुंठवडा चघळत, बोलत, हसत पांगले. बाबली खाजणाच्या वाटेला लागला. भाईंनी हार पायरीवरच ठेवला आणि जीपकडे गेले. जीप गेली तेव्हा बुवांना बरोबर घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, की आलं होतं, कोण जाणे.

निवडणूक गेली. खाजणवाडीच्या पेटीतून बुवांना जी मतं पडली त्यात एक अक्काचं असणार, एवढीच खात्री होती. पक्षाने भाईंचा भाचा पुढल्या वेळेला धरून ठेवला. मुंबईची खोली सोडून बुवा गावी आले. काहींनी विचारपूस केली, बऱ्याच जणांनी केली नाही. कुणी म्हणायचं, माणूस सच्चा. कुणी म्हणायचं, माणूस घाबरट. खरा कागद होता तर वाचायला काय झालं होतं?

वैशाखात बाबलीने पाळी सांगितली. सगळी घरं आली नाहीत. कागदाची कुणकुण लागली होती, तेव्हा काहीजण पुन्हा वाट बघत बसले. पण मागल्या वर्षीपेक्षा जास्त आली, आणि अक्काच्या घरचा माणूस म्हणून भिकाजी गेला. कुणी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. बाबलीने पाटी पुढे सरकवली. पहिल्या दिवशी बुवांच्या हातांना फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. अक्का बांधावर बसून माणसांना पेज वाढत होती. दोघीतिघी बायका तिच्या हातची पेज घेत होत्या, बाकीच्या आपापली आणत होत्या.

शेवटच्या दिवशी भगदाडाची दोन्ही टोकं जुळली. माती ओली होती, फांद्या अजून हिरव्या होत्या, आणि भरती चढायला लागली. सगळे बांधावर उभे राहून बघत राहिले. पाणी पायथ्याला लागलं, चढलं, थांबल्यासारखं झालं. आणि मधोमध, नव्या चिखलाच्या पोटातून, बोटाएवढी धार अलीकडे सुटली. बघता बघता ती मनगटाएवढी झाली.

"थंय! थंय फुटता!" बाबली ओरडला. "चिखल हाडा रे!"

चिखलाच्या पाट्या लांब होत्या. भिकाजी सर्वांत जवळ होता. तो नुसताच बघत उभा होता.

"भिका!" वरून अक्का ओरडली. "बघतंस काय? बस तेच्यार! पाठ लाव!"

तो खाली घसरला आणि धारेला पाठ लावून चिखलात बसला. खाडीचं गार पाणी सदऱ्यातून आत आलं, दोन्ही कुशींनी बाहेर पडायला बघू लागलं. त्याने पाय रोवले आणि पाठ आणखी मागे रेटली. माती त्याच्या मागे हलत होती. धरते आहे की सुटते आहे, त्याला कळेना.

"धरता काय?" बाबलीने वरून विचारलं.

"ठाऊक नाय," भिकाजी म्हणाला. "चिखल दी. बेगीन दी."

बाबलीने पहिला गोळा त्याच्या खांद्यामागे कोंबला आणि दुसऱ्यासाठी हात मागे केला.